यंत्राला शिकविणाऱ्या ग्रेस हॉपर

अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यू हॅम्पशर नावाचे एक लहानसे राज्य आहे. तेथील वुल्फबरो या सरोवराकाठच्या गावी मरे कुटुंबाचे उन्हाळ्यात राहावयाचे घर होते. त्या घरातील निजण्याच्या खोल्यांतून गजराची घड्याळे ठेवलेली असत. एके दिवशी सात वर्षांच्या ग्रेसने त्यांतील एक घड्याळ उचलले आणि ते वाजते कसे, हे पाहण्यासाठी उघडले. चाके आणि कमानी भराभर बाहेर आल्या. पण त्या पुन्हा आत कशा बसवावयाच्या, हे काही तिला उमगेना. तेव्हा आतील रचना नीट पाहून घ्यावी, म्हणून तिने दुसरे घड्याळ उघडले. त्याचीही तीच गत झाली. मग तिसरे, मग चौथे. आईच्या ध्यानात हा प्रकार आला, तोपर्यंत घरातील सात घड्याळे मोकळी झालेली होती. आईने घड्याळांना हात लावण्याची बंदी मात्र केली नाही. यापुढे एकाच घड्याळावर काय ते प्रयोग करावयाचे, एवढीच मर्यादा तिने घालून दिली.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत ती थोरली. तिचे पणजोबा अमेरिकेच्या नौदलात रिअर ॲडमिरल होते आणि आईचे वडील न्यूयॉर्क शहराचे स्थापत्य अभियंता होते. जमिनीच्या मोजणीला निघाले म्हणजे आजोबा नातीला बरोबर नेत. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी हातात धरून ताठ उभे राहावयाचे, हे काम तिच्याकडे असे. ग्रेसच्या आईला गणिताची विलक्षण आवड होती. परंतु तिच्या लहानपणी मुलींनी गणिताच्या फार खोलात शिरणे शिष्टसंमत मानले जात नसे. तिला भूमितीपलीकडे जाऊ दिले गेले नाही. ही रुखरुख तिच्या मनात राहिली असावी, कारण लेकीच्या वाटेत तिने असा कोणताही अडसर येऊ दिला नाही.

वडील विम्याच्या व्यवसायात होते. रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. तथापि लाकडी पाय लावून, दोन काठ्यांच्या आधाराने ते कामावर जातच राहिले. लाकडी पायांनी मी चालू शकतो, तर तुम्हांला अशक्य ते काय, असे ते मुलांना विचारीत. आपण फार काळ जगणार नाही, अशी धास्ती त्यांना वाटे. म्हणून मुलींनीही मुलाप्रमाणेच पुरते शिक्षण घ्यावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता.

सोळाव्या वर्षी ग्रेसने व्हॅसर महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा दिली. गणितात हुशार असलेली ही मुलगी लॅटिन भाषेत नापास झाली! एक वर्ष वाट पाहून, लॅटिनचा अभ्यास करून, १९२४ साली तिने प्रवेश मिळविला. गणित आणि पदार्थविज्ञान हे विषय घेऊन १९२८ साली ती पदवीधर झाली. पुढे येल विद्यापीठात तिने १९३० साली एम्. ए. आणि १९३४ साली गणितातील डॉक्टरेट ही पदवी संपादन केली. मुलीने गणितात डॉक्टरेट मिळविणे ही त्या काळी फारच विरळा गोष्ट होती. १९३० साली व्हिन्सेंट हॉपर या इंग्रजीच्या प्राध्यापकांशी तिचा विवाह झाला. काही वर्षांनी ती दोघे विभक्त झाली. परंतु ग्रेस हॉपर हेच नाव पुढे जगभर झाले.

१९३१ पासून ग्रेसबाई व्हॅसर महाविद्यालयातच गणित शिकवू लागल्या. त्यांची शिकविण्याची तऱ्हा वेगळी होती. एखादे सूत्र शिकविले की, त्यावर त्या विद्यार्थिनींना निबंध लिहावयास सांगत आणि निबंधातील भाषाही तपासून गुण देत. विद्यार्थिनी कुरकुर करीत, की हा तास गणिताचा आहे, भाषेचा नव्हे. यावर बाईंचे उत्तर ठरलेले असे : आपल्याला समजलेले दुसऱ्याला सांगता येत नसेल, तर गणित शिकून उपयोग काय? ही लहानशी गोष्ट ध्यानात ठेवावी. बाईंच्या पुढील साऱ्या कार्याचे बीज तिच्यात आहे.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली गेली. पणजोबांच्या नौदलात आपणही जावे, असे ग्रेसबाईंना वाटू लागले. परंतु नौदलाने त्यांना नकार दिला. चौतीस वर्षे उलटून गेलेली; हे वय अधिक ठरले. वजन ठरलेल्या मापापेक्षा सुमारे १५ पौंड कमी भरले. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांची गरज देशाला आहे त्या ठिकाणीच आहे, असेही त्यांना सांगण्यात आले. एखादी व्यक्ती येथेच थांबली असती. बाईंनी वजनाच्या नियमातून सूट मिळविली, महाविद्यालयाकडून रजा मिळविली आणि डिसेंबर १९४३ मध्ये स्त्रियांसाठी उघडलेल्या राखीव नौदलात नाव नोंदविले. आपल्याहून पुष्कळ लहान मुलींबरोबर त्यांनी कवायत केली, अभ्यास केला आणि जून १९४४ मध्ये साऱ्या तुकडीत पहिला क्रमांक मिळवून त्या लेफ्टनंट झाल्या.

आपल्याला जहाजांसंबंधी अथवा शत्रूचे सांकेतिक संदेश उकलण्याचे काम मिळेल, अशी बाईंची कल्पना होती. प्रत्यक्षात त्यांना धाडण्यात आले हार्वर्ड विद्यापीठात. जुलै १९४४ च्या आरंभी त्या तेथे पोहोचल्या. तेथील प्रमुख हॉवर्ड एकेन हे मोठे करडे गृहस्थ होते. त्यांनी बाईंना एका अवाढव्य यंत्रापुढे नेऊन उभे केले. ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे पाच टन वजनाचे ते यंत्र होते. त्यात साडेसात लाखांच्या आसपास सुटे भाग आणि सुमारे ५०० मैल लांबीची तार होती. चाके फिरत, विजेच्या कळा टकटक वाजत आणि तो आवाज रात्रंदिवस चालू असे. हे ‘मार्क वन’ नावाचे गणकयंत्र होय. लहानपणी घड्याळांनी जे कुतूहल जागे केले, ते हे धूड पाहून पुन्हा उसळून आले असल्यास नवल नाही. एकेन यांनी मात्र विस्मयाला वेळ दिला नाही. काही गणिते बाईंच्या हाती देऊन त्यांची उत्तरे त्याच आठवड्यात हवीत, असे त्यांनी सांगून टाकले.

‘मार्क वन’ला आज्ञा द्यावयाच्या त्या कागदी फितीवर छिद्रे पाडून. फितीच्या रुंदीत चोवीस छिद्रांची जागा असे. कोणते छिद्र पाडावयाचे आणि कोणते मोकळे सोडावयाचे, यावर आज्ञेचा अर्थ ठरे. अमुक ठिकाणची संख्या उचल, तमुक ठिकाणच्या संख्येत मिळव, उत्तर तेथे ठेव, अशी एकेक बारीक पायरी सांगितल्याविना यंत्र जागचे हलत नसे. एक छिद्र चुकले की सारे गणित चुकले. अशा आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. ‘मार्क वन’साठी आज्ञावली लिहिणाऱ्यांत ग्रेसबाईंचा क्रमांक तिसरा. हे यंत्र एका सेकंदात तीन बेरजा करी. गुणाकाराला त्याला सुमारे सहा सेकंद लागत. आज हा वेग हास्यास्पद वाटेल. परंतु युद्धकाळात ज्या गणितांना माणसांच्या हातून महिनोन् महिने लागले असते, ती या यंत्राने थोडक्या दिवसांत सोडविली. यंत्र कसे चालवावे, याचे पाचशेहून अधिक पृष्ठांचे पुस्तकही एकेन यांनी बाईंकडूनच लिहवून घेतले. असले पुस्तक पूर्वी कोणी लिहिलेले नसल्यामुळे नमुना म्हणून पाहावयास काहीच नव्हते.

याच ठिकाणची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते, पण ती बहुधा चुकीची सांगितली जाते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ‘मार्क टू’ हे नवे यंत्र बंद पडले. शोध घेता त्याच्या एका विद्युत्-कळीत पतंग सापडून मेलेला आढळला. तेथील लोकांनी तो बाहेर काढला, चिकटपट्टीने नोंदवहीत डकविला आणि खऱ्याखुऱ्या किड्याचा लागलेला हा पहिलाच शोध, अशी गमतीची टीप खाली लिहून ठेवली. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची रीत ग्रेसबाईंनी सुरू केली, असे म्हणतात ते खरे नव्हे. ती रीत अभियंत्यांत त्याआधी कितीतरी वर्षे रूढ होती आणि म्हणूनच ती टीप वाचून हसू येते. बाईंनी तो पतंग पकडलाही नव्हता. त्यांनी ती कथा आयुष्यभर रंगवून सांगितली, एवढे मात्र निश्चित. ती नोंदवही पतंगासह वॉशिंग्टन येथील वस्तुसंग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

युद्ध संपले. व्हॅसर महाविद्यालयातील जागा बाईंसाठी राखलेली होती. पण त्यांचे मन यंत्रात गुंतले होते. हार्वर्ड विद्यापीठात त्यांना कायमची जागा मिळण्याची आशा नव्हती. १९४९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी फिलाडेल्फिया शहरातील एका लहानशा कंपनीत नोकरी धरली. एकर्ट आणि मॉकली या दोन संशोधकांची ती कंपनी. तिच्यापाशी कल्पना पुष्कळ होत्या, पैसा मात्र नव्हता. पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँड या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. तेथे ‘युनिव्हॅक’ नावाचे नवे यंत्र तयार होत होते. त्यात चाकांऐवजी निर्वात नळ्या असून ते सेकंदाला सुमारे १,९०० बेरजा करी. १९५१ साली पहिले युनिव्हॅक अमेरिकेच्या जनगणना खात्याकडे सोपविण्यात आले.

यंत्र वेगवान झाले. त्याला आज्ञा देणारी माणसे मात्र होती तेथेच राहिली. वर्गमूळ काढणे, कोनाची ज्या काढणे अशा नित्याच्या कामांच्या आज्ञा बाई आणि त्यांचे सहकारी वह्यांतून लिहून ठेवीत. गरज पडली की एकमेकांच्या वह्या मागून त्या उतरून घेत. उतरताना चारचे चिन्ह वेगळेच काही वाटे, ‘बी’ हे अक्षर १३ होऊन बसे. नव्या जागी त्या आज्ञा बसविताना प्रत्येक आज्ञेतील स्थानांक बेरीज करून बदलावे लागत आणि त्या बेरजाही चुकत. बाई विनोदाने म्हणत, की आज्ञावली लिहिणाऱ्यांना दोन गोष्टी येत नाहीत : नक्कल करणे आणि बेरीज करणे!

त्यांच्या स्वतःच्या घरीही एक मौज घडली. बायनॅक नावाच्या एका यंत्राला आठच अंक ठाऊक होते. शून्य ते सात एवढे अंक संपले की आठासाठी ते १० लिही. त्या यंत्राबरोबर दिवसभर काम करून बाईंना ती पद्धत इतकी अंगवळणी पडली, की त्यांच्या बँकेच्या खात्याचा हिशेब जुळेनासा झाला. अखेर बँकेत काम करणाऱ्या भावाने वही तपासली, तेव्हा बाई मधून मधून आठांच्या पद्धतीने वजाबाकी करीत होत्या असे आढळले! माणसाने यंत्रासारखे होत जावे, हे बाईंना पटेना. नक्कल करणे आणि बेरीज करणे यांत यंत्र पटाईत आहे. मग हे काम यंत्रानेच का करू नये?

या प्रश्नातून १९५१-५२ साली त्यांचा पहिला ‘कंपायलर’ तयार झाला. कल्पना अशी, की नित्याच्या प्रत्येक कामाला एक क्रमांक द्यावयाचा आणि त्याच्या आज्ञा चुंबकीय फितीवर साठवून ठेवावयाच्या. माणसाने केवळ क्रमांक सांगावेत. यंत्राने फितीवरून त्या त्या आज्ञा शोधाव्यात, स्थानांक बदलून त्या एकापुढे एक जोडाव्यात आणि पुरी आज्ञावली तयार करावी. म्हणजे यंत्रासाठी आज्ञावली लिहिण्याच्या कामात यंत्रच हाताशी आले.

हे रचताना एक पेच पडला. कधी कधी आज्ञावलीत मागून येणाऱ्या कामाकडे उडी घ्यावी लागे. परंतु ते काम अजून जोडलेच नसल्यामुळे त्याचा स्थानांक ठाऊक नसे. पुढचा पत्ता लिहावयाचा तरी कसा? बाईंना आपला महाविद्यालयातील बास्केटबॉलचा खेळ आठवला. त्या वेळच्या मुलींच्या नियमांप्रमाणे चेंडू घेऊन फार पुढे धावता येत नसे. म्हणून चेंडू गड्याकडे फेकून द्यावयाचा, आपण पुढे धावत जावयाचे आणि तेथे तो पुन्हा मिळवावयाचा. बाईंनी यंत्राच्या स्मरणस्थानाच्या शेवटी थोडी जागा मोकळी राखली. उडी तूर्त त्या कोपऱ्यात मारावयाची. पुढील कामाचा पत्ता कळला की तो कोपऱ्यात लिहून ठेवावयाचा. मग कोपऱ्यातून उडी बरोबर त्या ठिकाणी जाई. क्रीडांगणावरची युक्ती यंत्राच्या पोटात अशी उपयोगी पडली.

मे १९५२ मध्ये बाईंनी पिट्सबर्ग येथील सभेत या विषयावर निबंध वाचला. परंतु लोक विश्वास ठेवावयास तयार नव्हते. गणकयंत्र अंकगणित करते, ते आज्ञावली कशी लिहील, असे जाणते लोकही म्हणत. चालता कंपायलर डोळ्यांपुढे असूनही त्याला हात लावावयास कोणी धजत नसे.

एवढ्यावर बाई थांबल्या नाहीत. व्यापारी कचेरीतील हिशेबनिसाला गणिताची चिन्हे आवडत नाहीत, हे त्यांनी हेरले होते. मग त्याने साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिल्या, तर? निबंध लिहवून घेणारी शिक्षिका येथे पुन्हा जागी झाली. यंत्राला इंग्रजी समजत नाही, असे त्यांना तत्काळ उत्तर मिळाले. बाईंचे म्हणणे सरळ होते. यंत्राला अक्षर म्हणजे केवळ एक खूण. खुणांचा एक क्रम ओळखून त्याजागी दुसरा मांडणे एवढेच त्याला करावयाचे आहे. हे पटवून देण्यासाठी त्यांनी एक लहानशी आज्ञावली इंग्रजीत लिहून दाखविली आणि पाठोपाठ तीच फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालवून दाखविली. परिणाम उलटाच झाला. अमेरिकेत घडविलेले यंत्र परक्या भाषा कसे जाणेल, या विचाराने वरिष्ठ मंडळी हबकून गेली. तेव्हा इंग्रजीपुरतेच काम करू, असे आश्वासन देऊन बाईंना त्यांची समजूत घालावी लागली. मोठ्या माणसांच्या अडाणीपणाची अशी उदाहरणे हसण्यावारी नेण्याजोगी वाटतात. पण त्यापायी वर्षे वाया जातात. अखेर काम झाले आणि १९५०-६० या दशकाच्या उत्तरार्धात ‘फ्लो-मॅटिक’ ही इंग्रजी शब्दांची आज्ञाभाषा वापरात आली.

तोपर्यंत निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे बाजारात आली होती आणि एकीच्या यंत्राची आज्ञावली दुसरीच्या यंत्राला कळत नसे. मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या इमारतीत सरकारी अधिकारी, यंत्रे बनविणारे आणि यंत्रे वापरणारे एकत्र जमले. सर्व यंत्रांना चालेल अशी एक भाषा हवी, असे ठरले आणि त्यातून ‘कोबॉल’ ही भाषा जन्माला आली. ती समितीने रचली. जीन सॅमेट आदी अनेकांचे कष्ट तिच्यामागे आहेत. ग्रेसबाई सल्लागार होत्या. तथापि समितीपुढे मुख्य नमुना होता तो त्यांच्या फ्लो-मॅटिकचा. डिसेंबर १९६० मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर कोबॉलची एकच आज्ञावली जवळजवळ जशीच्या तशी चालवून दाखविण्यात आली. पुढे बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांचे अगणित हिशेब कोबॉलमधून होऊ लागले. एकविसाव्या शतकातही अनेक बँकांतील ते काम थांबलेले नाही.

राखीव नौदलाचे काम बाईंनी सोडले नव्हते. १९६६ च्या अखेरीस, साठ वर्षे पुरी झाल्यामुळे, त्यांना निवृत्त करण्यात आले. सात महिन्यांत नौदलाने त्यांना परत बोलाविले. आज्ञावल्यांचा गोंधळ निस्तरण्यासाठी, सहा महिन्यांकरिता. ते सहा महिने जवळजवळ वीस वर्षे लांबले. त्यांच्या कचेरीतील भिंतीवरचे घड्याळ उलट दिशेने फिरत असे. आजवर असेच करीत आलो, म्हणून पुढेही असेच करावयाचे, हे वाक्य त्यांना मुळीच खपत नसे. व्याख्यानाला जाताना त्या तारेचे सुमारे तीस सेंटिमीटर लांबीचे तुकडे बरोबर नेत आणि श्रोत्यांना वाटत. सेकंदाच्या अब्जाव्या भागाला नॅनोसेकंद म्हणतात. तेवढ्या वेळात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकते, हे त्या तुकड्यावरून दिसे. उपग्रहामार्फत संदेश धाडावयास इतका वेळ का लागतो, असे एखाद्या ॲडमिरलने विचारले, तर त्या तो तुकडा दाखवून सांगत, की येथून उपग्रहापर्यंत असे पुष्कळ तुकडे मांडावे लागतात.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरात ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर त्यांचा निरोपसमारंभ झाला. तेव्हा त्या रिअर ॲडमिरल होत्या. पणजोबांचाच हुद्दा त्यांना मिळाला होता. वय एकोणऐंशी, नौदलात सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांत त्या वयाने सर्वांत ज्येष्ठ होत्या. त्यानंतरही घरी न बसता त्यांनी एका संगणक कंपनीत सल्लागाराचे काम धरले. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले आणि लष्करी इतमामाने आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. १९९७ साली अमेरिकेच्या नौदलात एक नवी विनाशिका दाखल झाली. वजन कमी भरले म्हणून ज्या बाईंना या नौदलाने एकदा परत पाठविले होते, त्यांचेच नाव तिला देण्यात आले : ‘हॉपर’.